ताण कमी करा

बमरोलीच्या त्या खात्यात साचे थांबत नसत. खातं म्हणजे सुरतेच्या बोलीत विणकामाचा कारखाना, आणि साचा म्हणजे पॉवरलूम. दिवसपाळीचा कारीगर घाम पुसत बाजूला व्हायचा, रातपाळीचा त्याच्या जागी उभा राहायचा, आणि मधल्या वेळातही आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे पळतच असायचा. प्रत्येकाकडे साच्यांची एक ओळ. त्या ओळीतून फिरता फिरताच कारीगरानं भाकर खायची. एका हातात तुकडा, दुसरा हात तुटलेल्या धाग्याशी. बसायची सोय नाही, कारण बसला आणि तेवढ्यात धागा तुटला तर कापडाच्या ताक्यात फॉल्ट, आणि फॉल्ट म्हणजे शिव्या.

सुकदेव पाटील या खात्यात टाइमकीपर होता. मूळचा अमळनेरकडचा, आता लिंबायतच्या गल्लीतला. रोज सायकल हाणत बमरोलीला यायचा. कारीगर बहुतेक त्याच्याच भागातले, निम्मे तर त्यानंच गावाकडून आणलेले. ते त्याला आबा म्हणत, शेठ त्याला पाटील म्हणे, आणि या दोन हाकांच्या मधोमध त्याचं आयुष्य पिळून निघत होतं. कारीगरांचं गाऱ्हाणं वर न्यायचं आणि शेठचा हुकूम खाली आणायचा, एवढंच त्याचं काम. वर नेलेलं कधी पोचत नसे, खाली आणलेलं मात्र त्याच दिवशी लागू होई.

भाकर खायला अर्धा तास साचे बंद ठेवा, हे सांगून सांगून सुकदेवच्या घशाला कोरड पडली होती. होळीला सांगितलं, गणपतीत सांगितलं, दिवाळीला मिठाईचा पुडा हातात पडला तेव्हाही लाजलज्जा सोडून सांगितलं. केतनशेठ दर वेळी मान हलवी आणि म्हणे, "जोईशुं, पाटील, जोईशुं." बघू. केतनशेठचं ‘जोईशुं’ म्हणजे सभ्य माणसानं म्हटलेलं ‘नाही’, हे सुकदेवला पक्कं ठाऊक होतं. तरी तो विचारायचा, कारण त्याला गप्प बसणं परवडत नव्हतं.

परवडत नव्हतं ते वाल्मिकमुळे. वाल्मिक त्याच्या बहिणीचा, ताराचा मुलगा. हात असा चलाख की चालत्या साच्यावर धागा जोडताना बघत राहावं. पण गेल्या वर्षापासून त्याच्या पोटात आग पडायला लागली होती. साच्यापाशीच वाकायचा, पोट धरायचा, पुन्हा उभा राहायचा. दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हणाला, औषध देतो, पण वेळेवर जेव, बसून जेव, चावून जेव, नाहीतर एक दिवस रक्ताची उलटी होईल. डॉक्टरला काय जातंय सांगायला! वाल्मिकला सुरतेला आणताना तारा स्टँडवर आली होती. "दादा, तू शे ना तठे, मंग माले काय काळजी?" असं ती म्हणाली होती, आणि सुकदेवनं मोठ्या तोऱ्यात मान डोलावली होती. आता तिचं पत्र आलं की त्याला ते उघडवत नसे.

अशातच केतनशेठ मुंबईला कुठल्याशा व्यापाऱ्यांच्या चर्चासत्राला जाऊन आला. आला तो बदलूनच. सुकदेवला केबिनमध्ये बोलावलं, बसायला सांगितलं, वर चहा मागवला. शेठनं बसायला सांगितलं की काहीतरी वाढून ठेवलेलं असतं, हा सुकदेवचा अनुभव.

"पाटील," केतनशेठ म्हणाला, "प्लेग पछी आपणुं शहेर तो साफ थई गयुं. हवे माणसनुं मन साफ करवानुं छे."

प्लेगनंतर शहर साफ झालं, आता माणसाचं मन साफ करायचं, असं म्हणून त्यानं सगळं समजावून सांगितलं. परदेशात मोठमोठ्या कंपन्या कामगारांना ध्यान शिकवतात. कामगाराच्या मनावरचा भार उतरला की काम चांगलं होतं, माल चांगला निघतो. आपण आपल्याकडे महिनाभर ताणमुक्ती शिबिर घ्यायचं. अडाजणच्या प्रीतिबेन येणार आहेत, फार मोठ्या साधिका आहेत. रोज दुपारी बारा वाजता, अर्धा तास.

"आणि साचे?" सुकदेवनं विचारलं.

"साचे बंद. शांती वगर ध्यान केवी रीते थाय?"

साचे बंद! रोज! जे मागता मागता सुकदेवचे केस पिकले, ते या माणसानं न मागता देऊन टाकलं होतं, आणि तेही डोळे मिटायला. भाकरीसाठी साचे बंद करा म्हटलं की माल थांबतो, माल घेणारी पार्टी बोंबलते, नुकसान होतं. ध्यानासाठी बंद केले की काहीच होत नाही. संताप असा आला की कप तिथंच ठेवून उठावं. पण तो उठला नाही. त्याच्या डोक्यात दुसरंच चक्र फिरायला लागलं. कसे का होईना, साचे बारा वाजता थांबतायत ना? महिनाभर थांबले, आणि महिनाभर माल चांगला निघाला, तर पुढं शेठच्या गळी उतरवता येईल की थांबल्यानं नुकसान होत नाही. ध्यान संपेल, पण बारा वाजता साचे थांबवायची सवय राहील. त्या सवयीत मग भाकर सरकवायची. सुकदेवनं उरलेला चहा पिऊन टाकला आणि म्हणाला, "फार चांगली कल्पना आहे, शेठ."

वाल्मिकला त्यानं त्याच दिवशी गाठलं. महिनाभर कळ काढ म्हणाला, मी बघतो. मामाचं ‘मी बघतो’ आणि शेठचं ‘जोईशुं’ यात फरक काय, असं वाल्मिकच्या मनात आलं असावं, पण मोठ्या माणसाला कोण बोलणार.

शिबिर सुरू झालं. भिंतीवर गुजरातीत कापडी फलक लागला, जो कारीगरांपैकी कुणालाच वाचता येत नव्हता. बाराच्या ठोक्याला छगन मास्टरनं मेन स्विच खाली ओढला. छगन म्हणजे खात्याचा फोरमन, साच्यांचा डॉक्टर. साचे एकेक करून गप्प झाले आणि खात्यात अशी शांतता पसरली की कारीगर एकमेकांकडे घाबरून पाहायला लागले. दिवाळीशिवाय त्यांनी ती कधी ऐकलीच नव्हती.

पुढं जे झालं ते कुणालाही झालं असतं. स्विच पडला तसे निम्म्या लोकांनी डबे उघडले. साचे थांबलेत, आबा म्हणाला होता काहीतरी होणार आहे, म्हणजे भाकरीच असणार. कुणी खाली मांडी घातली, कुणी मिरचीचा ठेचा वाढून घेतला. तेवढ्यात पांढऱ्या साडीतल्या प्रीतिबेन आल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "अभी नहीं, भैया, अभी नहीं. ध्यान तो खाली पेट होता है."

सुकदेवला वाटलं, आपण कपाळ बडवून घ्यावं. साचे बंद, माणसं बसलेली, भाकरी समोर, आणि खायची नाही! तरी त्यानं तोंड उघडलं आणि कारीगरांना सांगितलं की डबे झाका, बेन डोक्याचा ताप उतरवणार आहे. डबे झाकले गेले. वाल्मिकनं तोंडाजवळ नेलेला घास परत डब्यात ठेवला. तो घास सुकदेवला दिवसभर दिसत राहिला.

प्रीतिबेन वाईट बाई नव्हती, हे मान्य करायला पाहिजे. मनापासून शिकवायची. लांब श्वास घ्या, सोडा, आता ओंकार म्हणा. तिनं ओंकार म्हणायला सांगितला आणि कारीगरांनी असा काही ठोकला की पत्रे हादरले आणि बाहेर चहावाला धावत आला. त्यांना हळू बोलायची सवयच नव्हती. साच्यांच्या आवाजात आयुष्य गेलेलं, घरीसुद्धा बायकोशी ओरडून बोलणारी माणसं ती. प्रीतिबेननं कानावर हात ठेवले आणि दुसऱ्या दिवसापासून ओंकार मनातल्या मनात सुरू झाला. मनातल्या मनात म्हटल्यावर मग काय, भिंतीला टेकून सगळे घोरायला लागले. प्रीतिबेनचा चेहरा उजळला. "पाटीलभाई, ये लोग तो कितनी जल्दी गहरे में चले गये!" ती म्हणाली. सुकदेव हो म्हणाला. खरं सांगितलं असतं तर शिबिर तिथंच बंद पडलं असतं.

साडेबाराला स्विच वर जायचा, साचे धडधडायला लागायचे, आणि मग कारीगर पहिल्यासारखेच एका हातानं भाकर तोडत ओळीतून फिरायचे. म्हणजे जेवण उलट अर्धा तास उशिरा. पहिला आठवडा सरता सरता वाल्मिक सुकदेवला गेटपाशी भेटला.

"मामा, डोया मिटीसन बसतस आम्ही, पन पोटनी आग काही मिटत नही."

"थोडं थांब रे बाबा," सुकदेव चिडून म्हणाला. चिडला होता तो स्वतःवर, पण ऐकून घेतलं वाल्मिकनं.

आणि थांबण्यात खरंच अर्थ दिसायला लागला. छगन मास्टरनं आपणहून शेठला सांगितलं की दुपारच्या मालात फॉल्ट कमी येताहेत. अर्धा तास झोप मिळाल्यावर माणसाचे डोळे जाग्यावर येणारच, त्यात ध्यानाचा काय संबंध? पण केतनशेठ हरखला. येणाऱ्या-जाणाऱ्या पार्टीला प्रीतिबेनची ओळख करून द्यायला लागला. सुकदेवनं मनाशी वाक्यं जुळवायला घेतली. ‘शेठ, शिबिर संपल्यावरही बारा ते साडेबारा...’ सायकलवर तो ती वाक्यं पाठ करायचा. कधी नव्हे ते त्यानं ताराला पत्र टाकलं, वाल्मिकचं लवकरच बरं होईल असं लिहून.

मग केतनशेठला नवी उबळ आली. दिवसपाळीला फायदा होतो, तर रातपाळीनं काय पाप केलंय? प्रीतिबेन रात्री येऊ शकत नव्हत्या. केतनशेठ म्हणाला, फळ्यावर लिहा, त्यांच्या भाषेत, म्हणजे रातपाळीपण ताण कमी करेल.

हा फळा साच्यांच्या खात्यात, दाराशीच टांगलेला होता. शेठचे हुकूम त्यावर उतरत. रविवारी खातं चालू राहील. खिडकीजवळच्या साच्यांवर नवा माल लागेल. बिडी ओढताना सापडल्यास काम बंद. सुकदेव लिहायचा, कारीगर वाचायचे आणि तसं करायचे. फळ्यावरच्या हुकुमाला प्रश्न विचारायचा नाही, हा तिथला रिवाज.

सुकदेवनं खडू घेतला. प्रीतिबेनचं सगळं लिहावं असं त्याच्या मनात होतं, श्वास लांब घ्या, मन शांत ठेवा वगैरे. पण केतनशेठ मागेच उभा होता. "एक ज लाईन, पाटील. मोटा अक्षरे."

आता, तोंडानं बोलताना सुकदेव कारीगरांना नेहमी ‘डोक्याचा ताप’ म्हणत आला होता. आणि ते त्यांना बरोबर कळत होतं. पण हातात खडू आला की तो माणूस बदलायचा. शाळेत त्याचं मराठी चांगलं होतं, आणि शुद्ध लिहायची त्याला भारी हौस. ‘ताप’ हा शब्द त्याला गावंढळ वाटला. त्यानं ठळक, वळणदार अक्षरांत लिहिलं:

‘सर्व कारीगरांनी ताण कमी करावा. शेठच्या हुकुमावरून.’

दोन पावलं मागे सरून त्यानं अक्षर न्याहाळलं. छान आलं होतं. छगन मास्टर पोरीच्या साखरपुड्यासाठी नवापूरला गेला होता, नाहीतर त्यानं तिथंच डोक्याला हात लावला असता. सुकदेव सायकल काढून घरी गेला.

सकाळी तो बमरोलीत शिरला तेव्हा काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. गेटपाशी येईपर्यंत त्याला कळलं नाही काय ते. मग कळलं. आवाजच नव्हता.

आत सगळे साचे बंद पडले होते. रातपाळीची माणसं घरी न जाता भिंतीशी उभी होती आणि दिवसपाळीची त्यांच्यासमोर. साच्यासाच्यावर धाग्यांचे गुंताळे झालेले, धोटे मध्येच अडकलेले. विणून झालेलं कापड हातात घेतलं तर जाळीसारखं ढिलं लागत होतं. सुकदेवनं समोर दिसला त्याला धरलं. तो होता योगराज, रातपाळीतला सगळ्यात जुना कारीगर.

"हाई काय करं रे तुम्हीन?"

"फळावर लिखेल व्हतं तसंच, आबा," योगराज म्हणाला. "बठ्ठा साचास्ना ताण उतारी टाका."

साच्याच्या मागे धाग्यांचा भलामोठा रूळ असतो, त्याला बीम म्हणतात. बीमला दोरी गुंडाळून तिला वजनं टांगलेली असतात, म्हणजे धागे ताठ राहतात. त्या ताठपणाला खात्यात ताण म्हणतात. दुसऱ्या कशालाही ताण म्हणत नाहीत. तो कमी करायचा म्हणजे वजनं काढायची. यांनी रात्री कामावर आल्या आल्या एकेका साच्याची वजनं काढून नीट कोपऱ्यात रचून ठेवली होती.

"आरे, तुले समजत नही का? ताण काढा ते कापडनं काय व्हस?" सुकदेव ओरडला.

"समजस ना आबा. मी बोलनू बी, का कापड बिघडी जाई. पन शेठना हुकूम व्हता." योगराज शांतपणे सांगत होता, आणि त्या शांतपणानंच सुकदेवचं डोकं जास्त फिरत होतं. "मांगे राघोनी फळावरना हुकूम इचारा व्हता, का असं काब्र म्हनीसन. त्याले दुसरा दिन गेटना बाहेर काढा. आते कोन इचारी?"

राघोला बाहेर काढल्याचं सुकदेवनंच राघोला सांगितलं होतं. शेठनं सांगितलं म्हणून.

केतनशेठ आला. आधी साचे पाहिले, मग कापड पाहिलं, मग फळा पाहिला, आणि मग सुकदेवकडे पाहिलं. "पाटील, आ शुं कर्युं तमे?"

सुकदेवनं सांगितलं. शब्दाचा घोटाळा झाला, शेठ. ताण म्हटलं की हे लोक बीमचा ताण समजतात.

"तो टेन्शन लखवुं हतुं ने! टेन्शन तो बधा समजे!"

"टेन्शन म्हटलं तरी तेच समजतात, शेठ," सुकदेव म्हणाला. "बीमचं टेन्शन."

दिवसपाळीतलं कुणीतरी फिस्सकन हसलं. केतनशेठचा चेहरा लालबुंद झाला. पैसे गेल्याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठं दुःख हे की आता बाजारात ही गोष्ट फिरणार. ध्यान करता करता केतनशेठनं आपलंच कापड ढिलं करून घेतलं, असं रिंग रोडवरच्या कापडाच्या प्रत्येक दुकानात सांगितलं जाणार. त्यानं तिथल्या तिथं जाहीर केलं की कारीगरांचं शिबिर बंद. या लोकांना असली गोष्ट झेपत नाही. शिबिर चालू राहील, पण फक्त ऑफिस स्टाफसाठी, वर एसीत. आणि तो फळाही काढून टाका.

प्रीतिबेन दुपारी आल्या तेव्हा त्यांना हे कळलं. त्या दारातच थांबल्या. सुकदेवला हळूच म्हणाल्या, "पाटीलभाई, मैंने तो शेठ को बोला था, ध्यान के बाद इन को बैठ के खाना खाने दो. वो बोले, खाने का तो कोई सवाल ही नहीं." म्हणजे हिनंही मागितलं होतं, आणि हिला तर ‘जोईशुं’सुद्धा मिळालं नव्हतं, सरळ ‘नाही’च मिळालं होतं.

मग सुकदेवला राहवलं नाही. जुळवून ठेवलेली वाक्यं सगळी विसरून तो केबिनमध्ये घुसला.

"शेठ, चूक माझी आहे. मला काय बोलायचं ते बोला. पण बारा वाजता साचे बंद ठेवा. ध्यान नको, काही नको. माणसं बसून भाकर खातील. अर्धा तास बंद होते तेव्हा माल चांगलाच निघाला ना? छगन मास्टरनं सांगितलं तुम्हाला."

केतनशेठ त्याच्यावर चिडलासुद्धा नाही. लहान मुलाला समजवावं तसं मराठीतून म्हणाला, "पाटील, माल चांगला निघाला तो ध्यानामुळे. ध्यानामुळे उत्पादन वाढतं, हे सायन्स आहे, माझ्याकडे पुस्तक आहे. जेवल्यामुळे वाढतं असं कुठं लिहिलंय?"

सुकदेवच्या जिभेवर आलं होतं, की मग घ्या तुमची नोकरी. आलं आणि त्यानं गिळून टाकलं. लिंबायतची खोली, धाकटीची शाळा, सगळं त्या एका क्षणात त्याच्यासमोर उभं राहिलं, आणि तो "बरं, शेठ" म्हणून बाहेर आला. त्या ‘बरं’ची त्याला इतकी किळस आली की संडासाकडे जाऊन तो दोनदा थुंकला.

घरी कलाबाईला त्यानं सगळं सांगितलं. त्याला वाटलं होतं, बायको तरी चार शब्द बरे बोलेल. कलाबाई मेथी निवडत ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "लिखेल तसं करतस ना कारीगर?"

"हां. करतस."

"मंग ताण काब्र लिखा तुम्हीन? साचा बंद करा नि बठीसन भाकर खा, शेठना हुकूम शे, असं लिखानं व्हतं. एक रात तरी खाई लेतात."

आणि ती मेथीच्या काड्या टाकायला बाहेर गेली. सुकदेवच्या लक्षात आलं, इतकी वर्षं खडू आपल्या हातात होता. शेठला वाचता येत नव्हतं मराठी, एरवी कधी येऊन फळा बघत नव्हता. आपण मात्र वरून आलेलं सुवाच्य अक्षरात उतरवत राहिलो. बायकोवर ओरडावं असं त्याला वाटलं, पण ओरडण्यासारखं तिनं काही म्हटलं नव्हतं. फळाही आता भिंतीवर नव्हता.

त्यानंतर आठवडाभरात वाल्मिकनं काम सोडलं. गेटपाशी उभा राहून, खाली बघत सांगितलं, "मामा, इच्छापोरले काम भेटनं. कंत्राटदारकडे. पोता उचलानं."

"पोता उचलशी?" सुकदेवचा आवाज चढला. "आरे, तू कारीगर शे! तुनासारखा हात बमरोलीत नही कोनाना. नि तू हमाली करशी?"

"तठे दुपारले भोंगा वाजस, मामा," वाल्मिक म्हणाला. "भोंगा वाजना का बठ्ठा बठी जातस. खाईसन कोनी कोनी आडवा बी पडस."

त्यात त्याला काही टोमणा मारायचा नव्हता. तो एखादं मोठं सुख सांगावं तसा सांगत होता. सुकदेवला त्याला थांबवायचं होतं. थांबवायला त्याच्याकडे होतं काय? मी बघतो, एवढंच होतं, आणि ते आता त्याच्या स्वतःच्याच तोंडातून निघेना. वाल्मिकनं वाकून पाया पडून घेतलं आणि इच्छापोरकडे जाणाऱ्या रिक्षावाल्याला हात केला.

साच्यांची ओळ रिकामी ठेवून चालत नाही. केतनशेठनं दुसऱ्याच दिवशी माणूस मागितला, आणि सुकदेवनं गावाकडे निरोप धाडला. सुकलाल नावाचा गृहस्थ आला. चाळिशी ओलांडलेला, मालेगावला साचे चालवलेला, अंगात धुतलेला सदरा, हातात फडक्यात बांधलेला डबा. सुकदेवनं त्याला खात्यात नेलं, वाल्मिकची ओळ दाखवली, पाणी कुठं, संडास कुठं, हजेरी कुठं, सगळं कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं. वरून ऑफिसातला पोऱ्या जिन्यात येऊन हात हलवत होता. बारा वाजले होते, स्टाफचं ध्यान सुरू व्हायचं होतं, आणि शेठनं पाटलांना खास बोलावलं होतं. पाटलांच्या डोक्यावर फार भार दिसतो, असं त्याचं म्हणणं.

सुकलालनं डबा ठेवायला जागा शोधली. मग सुकदेवच्या कानाशी वाकून विचारलं, "आबा, आठे भाकर खावानी सुटी कव्हय व्हस?"

सुकदेवनं एकदा जिन्याकडे पाहिलं. मग सुकलालच्या कानाशी तोंड नेलं.

"सुटी नही. साचा चालू ठेईसनच खानी. उभ्या उभ्या."

सुकलालला वाटलं, आबा गंमत करतोय. नव्या माणसाची पहिल्या दिवशी सगळीकडेच करतात. तो मोकळेपणानं हसला आणि म्हणाला, "माले येडा बनावतस का, आबा?" आणि हसत हसतच त्यानं सुकदेवच्या तोंडाकडे पाहिलं. मग शेजारच्या ओळीकडे पाहिलं. तिथं एक कारीगर दातात भाकरीचा तुकडा धरून दोन्ही हातांनी धागा जोडत होता.

सुकलालनं हसू आवरलं आणि डबा साच्याच्या कडेला, हाताला येईल असा ठेवला.